बर्फाचा पायथा

सां-ओर्स,
२१ सप्टेंबर १९०३

प्रिय गॅस्पारे,

तू खुशाल असशील, ला स्पेझियाच्या गोदीत जहाजाचं काम तुझ्या मनासारखं चाललं असेल आणि डाव्या हाताची उरलेली बोटं पहिल्या गारठ्याला कुरकुरत नसतील, असं धरून चालते. माझं म्हणशील तर गुडघे सोडून बाकी सगळं शाबूत आहे. शेवटची चढण खेचरावरून केली. तुझी थोरली बहीण, रोक्काव्हेर्देची काउंटेस, गोणीसारखी हिंदकळत वर आली, आणि खेचरवाला वाटभर समजूत घालत होता ती खेचराची.

तू तीन कामं सांगितली होतीस. अनसेल्मचं पदक त्याच्या बायकोच्या हाती द्यायचं, त्याच्या नावाची संगमरवरी पाटी इथल्या चर्चमध्ये बसवून घ्यायची आणि दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेसाठी गावातले चांगले वाटाडे ठरवायचे. तिन्ही फसली. हे सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पत्र हाती आलं की आधी शेवटची ओळ वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. लिव्होर्नोच्या नाविक शाळेत होतास तेव्हापासूनची. आईची लांबलचक पत्रं तू खालून वर वाचायचास आणि मला सांगायचास, ‘कुणी मेलं नाही ना, एवढंच पाहायचं असतं.’ या पत्रात कुणी मेलेलं नाही. अडचण नेमकी तीच आहे.

पाटी पाद्रीबाबांच्या लाकडांच्या खोपटात पडून आहे. देखणी आहे, यात वाद नाही. ‘ध्रुवाच्या वाटेवर देशासाठी देह ठेवला’ ही सोनेरी अक्षरं पाद्रीबाबांनी वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

“बाईसाहेब, ही मी भिंतीवर कशी लावू? अनसेल्म ब्रुनो मेला असं मला अजून कुणी कळवलेलं नाही.”

“साऱ्या युरोपच्या वर्तमानपत्रांत छापून आलंय, फादर.”

“छापलं असेल. आमच्याकडे ते हिमनदी कळवते.”

तुला हे सगळं माहीत आहे. मिसरूड फुटत होतं तेव्हापासून तू या गावात येतोस, यांच्या चुलीपाशी बसून मक्याचा पोलेंता खातोस. मला मात्र कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मला जसं कळलं तसं लिहिते. डोंगराने नेलेला माणूस हिमनदी पोटात घेते, हळूहळू खाली आणते आणि एखाद्या पिढीनंतर पायथ्याशी टाकते. तो येईपर्यंत त्याच्यासाठी घंटा वाजत नाही. चर्चच्या बाकावर त्याची जागा मोकळी ठेवतात. बायको काळा रुमाल बांधत नाही, तपकिरी बांधते. आणि दर सप्टेंबरात, गुरं वरच्या कुरणांवरून उतरली की, घरची माणसं हिमनदीच्या पायथ्याने चालत जातात, या काठापासून त्या काठापर्यंत, नजर खाली लावून. त्यांच्याबरोबर आणखी एकाने चालायचं असतं. जो त्याच दोराला बांधलेला होता आणि जिवंत परत आला, त्याने. मग तो गावचा असो की परका, मेंढपाळ असो की उमराव.

तीन सप्टेंबर झाले, गॅस्पारे. तू आला नाहीस. तू लंडनला होतास, मग पॅरिसला, मग राजवाड्यात जेवायला.

परवा मी त्यांच्याबरोबर चालले. करडी खडी, तिच्याखालून वाहणारं पाणी, आणि तोंडावर येणारा तो शिळा गारवा. माझ्या पुढे खानावळवाला आणि एक म्हातारी बाई चालत होती. तिचा हरवलेला नवरा या खानावळवाल्याच्या दोरात होता. या दोघांचं एकमेकांशी पटत नाही म्हणे. पण ओहोळ आला की तो हात पुढे करायचा, ती धरायची, आणि पलीकडे गेल्यावर दोघंही हात पुसायची. एका ठिकाणी बर्फातून निघालेली एक चिंधी सापडली. ती हातोहात फिरली. प्रत्येकाने बोटांत चोळून पाहिली, कुणालाच ओळखू आली नाही. कुणी रडलं नाही. चिंधी शेवटी खानावळवाल्याने खिशात ठेवली आणि सगळे पुढे निघाले. आपल्या तोरिनोत मेलेल्यांच्या नावाने केवढी भाषणं होतात. इथे पाण्याचा आवाज तेवढा होता.

अनसेल्मची बायको देल्फिन चालत नव्हती. ती अलीकडच्या बांधावर बसून सगळ्यांचे डबे राखत होती. मी तिच्याशेजारी टेकले. पदकाची पेटी सकाळी दिली तेव्हा तिने उघडून पाहिली, झाकण लावलं आणि मला परत दिली होती. ‘तो आल्यावर द्या,’ एवढंच म्हणाली होती.

“तू नाही चालत?” मी विचारलं.

“कशाला? माझा माणूस या बर्फात नाही.” मग तिने गुडघ्यावरचे पावाचे कण झटकले. “बाईसाहेब, त्या बर्फाचा पायथा कुठे आहे?”

“कुठल्या?”

“अनसेल्म गेला त्या. प्रत्येक बर्फाला पायथा असतोच. कप्तानसाहेबांना माहीत असणार. पाणी कुठून कुठे जातं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, असं अनसेल्म म्हणायचा. विचारा त्यांना. पायथा कळला की मी जाईन. आणि तेही येतील.”

“तो येईल असं तुला वाटतं?”

“दोरात होते ना ते,” ती म्हणाली. माझ्या प्रश्नाचं तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

वाटाड्यांचं थोडक्यात सांगते. खानावळीत सगळे जमले, टोप्या काढून बसले, तुझी दारू प्यायले, तुझ्या बोटांची चौकशी केली. दक्षिणेचं नाव काढताच एकाने पेला बाजूला ठेवला आणि फार अदबीने म्हणाला, “कप्तानसाहेबांसारखा पाय डोंगरात दुसऱ्या कुणा शहरी माणसाचा नाही. पण पायथा न चालणाऱ्याच्या दोरात आम्ही बांधून घेत नाही.” मग विषय निघाला तो यंदाच्या चीजचा.

तेव्हा तुझ्या दक्षिणेचंही अडलं आहे ते या बाईच्या एका प्रश्नावर. त्याचं उत्तर दे. मला नको, तिला दे. तुला अवघड गोष्टी लिहायचा कंटाळा येतो आणि तू त्यांच्याऐवजी नकाशा काढतोस हे मला माहीत आहे. नकाशा काढलास तरी चालेल.

तुझी,
लीता

---

सां-ओर्स,
२९ नोव्हेंबर १९०३

प्रिय गॅस्पारे,

तुझं पत्र आणि नकाशा तोरिनोला मिळाला. टपालाने वर पाठवून द्यायचा विचार होता, पण बर्फ पडून वाट बंद व्हायच्या आत स्वतःच घेऊन आले. तुझं इटालियन या लोकांना जड जातं, त्यांच्या बोलीत सांगायला कुणीतरी हवं होतं. शिवाय घरात बसून करायचं काय? नवऱ्याच्या फोटोशी मी तशीही फारशी बोलत नाही. बिचारा जेवणानंतर पलंगावर पडल्या पडल्या गेला. आपल्या दोन्ही घराण्यांत अंथरुणात मरण येणारा तो पहिलाच पुरुष, आणि त्याची मला केवढी लाज वाटायची. आता वाटत नाही.

सध्या इथे पाव भाजायचे दिवस आहेत. गावाची एकच भट्टी, वर्षातून एकदाच पेटते, आणि प्रत्येक घर आपला वर्षाचा काळा पाव भाजून घेतं. मग ते पाव माळ्यावर फळीवर वाळत राहतात. वसंतापर्यंत असे कडक होतात की कोयत्याने तोडावे लागतात. घरात माणसं किती, त्यावर पिठाचा हिशेब. जे अजून डोंगरातून यायचे आहेत, त्यांचेही पाव असतात.

तुझं पत्र मी अनसेल्मच्या बापाच्या स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. भर दुपारी, दार उघडं ठेवून, कारण भट्टीची पाळी आली की हाक येणार होती. म्हातारा बाझिल चुलीपाशी बसला होता. त्याने तुला पहिल्यांदा दोर बांधायला शिकवलं, ते तू अजूनही मोठ्या कौतुकाने सांगतोस. देल्फिन पीठ मळत होती.

तू चांगलं लिहिलं आहेस. खरं लिहिलं आहेस, खोटं तुला कधी जमलंच नाही. तिथला, उत्तर ध्रुवाकडचा बर्फ जमिनीवर नसतो, समुद्रावर तरंगत असतो. तो सारखा पश्चिमेकडे सरकतो, मग ग्रीनलंडच्या कडेने खाली उतरतो आणि उघड्या पाण्यात विरघळतो. अनसेल्म आणि त्याच्याबरोबर हरवलेला लेफ्टनंट ओदोने ज्या बर्फावर होते तो तुझ्या गणिताप्रमाणे येत्या उन्हाळ्यात तिथे पोचेल. किनारा नाही, खडी नाही, शोधण्यासारखं काही उरणार नाही. म्हणून तिने वाट पाहू नये आणि पाटी लावून घ्यावी.

मी वाचून संपवलं. देल्फिनचे हात पिठात तसेच थांबले होते. बोलला तो बाझिल.

“बाईसाहेब, बर्फ सरकतो म्हणजे चालणाऱ्याच्या पायाखालून?”

“हो. माणसाला कळत नाही, पण सरकतो.”

“मग त्याच्यावर उमटलेला मागही सरकत असणार.”

“असणार.”

तो चुलीतलं लाकूड आत सारत राहिला. “समजा, एखादा माणूस आपल्याच पावलांचा माग धरून परत निघाला. तो कुठे पोचेल?”

गॅस्पारे, मला समुद्रातलं काही कळत नाही. पण त्या क्षणी सगळं कळलं, आणि ते म्हाताऱ्याला माझ्याही आधी कळलं होतं.

“भलतीकडे,” मी म्हणाले.

“जहाज जिथे होतं तिथे नाही.”

“नाही.”

“पण तो बोटीवरचा साहेब होता ना बरोबर? लेफ्टनंट? होकायंत्रवाला? त्याला हे माहीत असणार. त्याने का नाही सांगितलं?”

इथे मला गप्प बसता आलं असतं. ‘कोण जाणे’ म्हटलं असतं तरी त्याने मानलं असतं, इतका तो आपल्या घराला मानतो. पण मला तो तोरिनोतला मेजवानीचा दिवस आठवला. झुंबरं, राजघराण्यातल्या बायका, आणि तू हातमोजा घालून उभा. तू सांगत होतास की अन्न पुरेना म्हणून अर्ध्या वाटेवरून दोघांना परत पाठवायचं ठरलं, आणि निघताना ओदोने विचारू लागला की परतीच्या वाटेचा हुकूम कुणाचा? तू म्हणालास, “ओदोने, पाण्यावर शब्द माझा, बर्फावर शब्द अनसेल्मचा. हा आमचा जुना करार आहे. तुझ्या खांद्यावरची सोनेरी पट्टी इथे चालत नाही.” केवढ्या टाळ्या पडल्या. एका उमरावाने एका गुराख्याच्या पोराला आपल्या अधिकाऱ्याच्या वर बसवलं. मीही रुमाल हलवला. मला तुझा त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका कधी वाटला नव्हता.

तू स्वतः मात्र रोज सूर्य मोजून आपली जागा ठरवत परत आलास. आपल्या जुन्या मागाकडे ढुंकून पाहिलं नाहीस, कारण तू खलाशी आहेस आणि तो समुद्र होता.

हे मी बाझिलला सांगितलं. सगळं. तुझे शब्द होते तसे.

“म्हणजे कप्तानसाहेबांनी त्याला मान दिला,” तो म्हणाला.

“हो.”

“फार मोठा मान. आमच्या घरात आजवर असा कुणाला मिळाला नव्हता.”

तो उपरोधाने बोलत असता तर मला बरं वाटलं असतं. तो तसं बोलत नव्हता. मग बाहेरून हाक आली, त्याने पावांची फळी खांद्यावर घेतली आणि भट्टीकडे गेला. दारात थांबून म्हणाला, “माग सोडू नकोस, हे मीच शिकवलं त्याला. चालायला लागला तेव्हापासून. धुकं येऊ दे, साहेब आरडाओरडा करू दे, आपला माग सोडायचा नाही. लहानपणी एकदा सोडला होता, तर मी त्याला मारलं होतं.”

तो गेल्यावर मी देल्फिनकडे पाहिलं. तिने पिठाचा एक गोळा वेगळा काढून त्यावर सुरीने चीर दिली होती. ती अनसेल्मच्या पावाची खूण. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला बाहेर जायला सांगेल. मला तरी ते सोपं गेलं असतं.

“येत्या उन्हाळ्यात, म्हणाले ना ते?” तिने विचारलं.

“काही उरणार नाही असंही म्हणालाय तो.”

“इथे तरी कुठे दर वेळी काही निघतं?” ती म्हणाली. “चालायचं असतं, बाईसाहेब. तिथे चालता येत नसेल तर उभं राहायचं.”

मला तुझा राग आला, गॅस्पारे. आता लिहितानाही येतो आहे. तू निष्काळजी असतास, भित्रा असतास, तर तुला चार शब्द सुनावून मी मोकळी झाले असते. पण तू एका माणसाला जिवापलीकडे मानलंस आणि त्या मानापायी दोघांचा जीव गेला. याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. कॉकेशसमध्ये तू कड्यावरून सुटलास तेव्हा याच अनसेल्मने एकट्याने तुला दोरावर तोलून धरलं होतं, तळहातांची सालटी निघाली तरी. त्याची परतफेड म्हणून तू त्याला तुझ्याजवळची सर्वांत मोठी गोष्ट दिलीस, हुकूम. आणि सांगायची ती एकच गोष्ट सांगितली नाहीस. तुला ती इतकी सवयीची होती की ती सांगावी लागते हे तुझ्या ध्यानातच आलं नसेल.

की आलं होतं? आणि कुणाला शिकवायला जाणं म्हणजे त्याच्या शब्दावर आपला शब्द चढवणं, म्हणून तू तोंड मिटून घेतलंस? तुझ्यात तीही खोड आहे. आपल्या वडिलांतही होती.

यावर मला लिही. जहाजाबद्दल लिहू नकोस.

लीता

---

तोरिनो,
१४ मे १९०४

प्रिय गॅस्पारे,

थंडी सरली. आपल्या बागेतली मोठी भिंत दुरुस्त करून घेतली, तीच, जिच्यावरून तू लहानपणी चर्चच्या घंटाघरावर चढायचास आणि आई खिडकी बंद करून घ्यायची. आईने तुझं चढणं कधी पाहिलं नाही, फक्त उतरल्यावर तुझे गुडघे धुतले. घरात राहायला तू कधी शिकलाच नाहीस. डोंगरावर गेलास, मग समुद्रावर, आणि दोन्ही पुरेनात तेव्हा जिथे समुद्राचाच डोंगर होतो तिथे गेलास. आम्ही इथे बसून नकाशावर तुला शोधायचो. बाकी सगळं ठीक आहे. माळ्याला मुलगी झाली.

हिवाळाभरात तुझी तीन पत्रं आली. त्यांत नांगर आहेत, कोळसा आहे, नॉर्वेहून मागवलेली कुत्री आहेत आणि एका कुत्रीच्या पंजाचं दुखणंसुद्धा आहे. वाटाडे सां-ओर्सचे मिळत नसतील तर दुसऱ्या खोऱ्यातले घेऊ, असंही आहे. मी जे विचारलं त्याचं अक्षर नाही. तुला उत्तर माहीत नसतं तर तू तसं लिहिलं असतंस. म्हणून मी माझं उत्तर समजून घेतलं.

बाझिल गेला. मागच्या महिन्यात, छातीत पाणी होऊन. मी तेव्हा वर पोचले होते. घंटा वाजली, खड्डा खणला गेला, सगळं रीतसर झालं. त्याच्या मुलासाठी जे करता आलं नाही ते सगळं त्याच्यासाठी झालं, आणि म्हणून ते बघवत नव्हतं.

जाण्याआधी काही दिवस तो एकच गोष्ट बोलत होता. मला वाटलं होतं तुला शिव्या देईल. त्याने तुझं नावही घेतलं नाही.

“बाईसाहेब, माग संपला असेल ना कुठेतरी?”

“संपला असेल.”

“पुढे पाणी लागलं असेल. जहाज नसेल. मग तो काय समजला असेल?” बोलताना त्याला धाप लागत होती, पण तो थांबेना. “बर्फाने फसवलं, हे त्याला कळलं असेल का? की आपलंच काहीतरी चुकलं, आपणच माग सोडला, असं वाटलं असेल त्याला? बोटीवरच्या साहेबाला आपण मारलं, असं समजून गेला असेल का तो?”

मी म्हणाले, नाही, ओदोनेने शेवटी सांगितलंच असेल त्याला. म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. थंडीने मरणं, उपाशी मरणं, हे त्याने आयुष्यभर पाहिलं होतं, त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. आपला मुलगा स्वतःला चुकलेला समजून मेला असेल, एवढं एक त्याला सहन होत नव्हतं. तसं नव्हतं, हे त्याला सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, आणि तो कुत्रीच्या पंजाला मलम लावत होता.

हे वाचून तुला लागेल. लागावं म्हणूनच लिहिलं आहे. तू लहान असताना मी तुझ्यावर हात उगारला नाही, आता एवढं चालवून घे.

तू रात्रंदिवस याचाच विचार करत असशील, हे मला कळतं. न कळायला मी काही परकी नाही. मेजवानीत तू तो करार सांगितलास तो त्या दिवशी पहिला आणि शेवटचा. पुढे कुठल्याही भाषणात तो आला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, विनय. आता वाटतं, सांगता सांगता तुलाच तो ऐकू आला असावा. म्हणून तू सां-ओर्सला गेला नाहीस. म्हणून मला पाठवलंस, पाटी आणि पदक देऊन. आणि म्हणूनच तुला दक्षिणेला जायचं आहे. तिथला बर्फ म्हणे जमिनीवर असतो.

पण जाण्याआधी एक काम राहिलं आहे. तुझं जहाज तयार आहे, खलाशी तयार आहेत, उन्हाळा तोंडावर आहे. ग्रीनलंडच्या बाजूला जिथे तो बर्फ उतरतो तिथे जाऊन यायला तुझा उन्हाळा जाईल आणि दक्षिणेचं एक वर्ष बुडेल. मंत्र्यांना काय सांगायचं ते तू ठरव. प्रवाह मोजायला जातोय म्हण. खरं ते एकाच माणसाला सांगायचं आहे.

देल्फिन गेले दोन दिवस माझ्याकडे होती. तिने याआधी आगगाडी पाहिली नव्हती, आणि समुद्र तर नाहीच. माझ्या बैठकीत ती खुर्चीच्या कडेवर बसली, कॉफी प्यायली आणि तुझं ते मोठं चित्र बराच वेळ पाहत राहिली. गणवेशातलं, पदकांचं.

“डावा हात पाठीमागे का घेतलाय?” तिने विचारलं.

“चित्रकाराने सांगितलं असेल.”

“बोटं लपवलीत,” ती म्हणाली. “लपवायचं काय त्यात? आमच्याकडे निम्म्यांना नाहीत.”

ती हसली, गॅस्पारे. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग लगेच म्हणाली, “ते आले नाहीत तर मी कुणाला घेऊन उभी राहू तिथे?” म्हणून मी हे पत्र लिहायला बसले.

तुला तिची भीती वाटत असेल तर सांगते, ती भांडायला निघालेली नाही. तुला क्षमा करायलाही निघालेली नाही. तसलं काही तिच्या मनात येत नाही, ती आपली रीत पाळते आहे. तिला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. तू तिच्याशेजारी त्या बर्फाच्या पायथ्याशी उभं राहावंस. आणि अनसेल्म चुकला नव्हता, हे तुझ्या तोंडून ऐकायला मिळावं. त्याने आपल्या बापाने शिकवलं तेच, जसं शिकवलं तसंच केलं, हे कुणीतरी मोठ्याने बोलावं, म्हणजे तिला काळा रुमाल बांधता येईल. बाझिलला ते ऐकायला मिळालं नाही.

हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते तुझ्या हातात देणारीच्या गाठोड्यात एक काळा पाव आहे, वर सुरीची चीर दिलेला. गोदीच्या शिपायांना तो उघडायला लावू नकोस. तो पाण्यात सोडायचा आहे. तिला इटालियन थोडं थोडं वाचता येतं, पण दुसऱ्याचं पत्र ती उघडणार नाही. तू वाचून होईपर्यंत ती उभी राहील. तिला बसायला सांगशील तर ती नको म्हणेल, तरी सांग.

आणि तू सवयीप्रमाणे सगळ्यात आधी ही शेवटचीच ओळ वाचत असशील, तर तेवढीही पुरे आहे: कागद बाजूला ठेव, गॅस्पारे, आणि मान वर करून तिच्याकडे बघ.

तुझी बहीण,
लीता